तिसऱ्या रांगेतला पोरगा

देवणीच्या माणिकप्पांनी लेकीला बजावलं होतं, "लातूरला शिकायला ठेवलंय, नाचायला न्हाई." सातवीत गॅदरिंगच्या स्टेजवरून त्यांनी करिश्माला हाताला धरून खाली ओढलं होतं. त्यामुळं मुंबईच्या एका नाटक कंपनीनं आपल्याला निवडलंय, हे सांगायची तिची छातीच होईना.

शनिवारी ती गावाकडं आली. कंपनीनं एका जुन्या पॉप गाण्यावर नाच बसवायला सांगितला होता. नटी व्हायला गाव सोडून गेलेल्या पोरीचं ते गाणं. गोठ्याशेजारी बसून ती मोबाईलवर त्याचा व्हिडिओ बघत होती. दुसऱ्या कडव्यात तिनं एकदम थांबवला. मागं नेला. पुन्हा बघितला. तिसऱ्या रांगेत नाचणाऱ्या लांब केसांच्या पोराच्या डाव्या भुवईवर आडवा वण होता, वडलांच्या भुवईवर आहे तसाच.

"आव्वा, हे कोन गं?"

तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या आईनं, उमादेवींनी बघितलं अन् हात थांबला. "तुझे आप्पा. लग्नाआधी दीड वरीस हुते तिकडं मुंबईत, नाचायला."

तेवढ्यात माणिकप्पा बैलांना पाणी पाजून आणत होते. गाणं कानावर पडलं तसे जागीच थिजले. कासरा हातातून गळला.

"आप्पा, तुमीच ना हे?"

ते हौदाच्या काठावर बसले. नुसती मान हलवली.

"मग परत का आलात?"

"शिनेमात बोलायचं काम मिळालं हुतं. दोन पानं. कॅमेऱ्यासमोर तोंडच उघडंना. बारा टायमाला उभा केलं. सगळी हसली. तसाच गाडीत बसलो. गावात सांगितलं, तिथली लोकं लई वंगाळ हायेत."

"लोकं वंगाळ न्हवती?"

"न्हाई. मी भ्यालो हुतो."

आपलं सारं बालपण या एका खोट्यापायी अडवलं गेलं, हे करिश्माला कळलं. रडावं की ओरडावं कळेना.

"माझं तोंड उघडतं, आप्पा. मुंबईच्या नाटक कंपनीनं निवडलंय मला," ती म्हणाली. अन् तिथंच, शेणामातीत उभं राहून, निवडीच्या वेळचं दोन पानी भाषण तिनं म्हणून दाखवलं.

माणिकप्पांनी मान वर केली. डोळे लालभडक झाले होते.

"दुसऱ्या पानाला घाई केलीस," ते म्हणाले. "परत म्हण."

आठ दिवसांनी लातूर स्टेशनात तिची बॅग त्यांनीच मुंबईच्या गाडीत चढवली.