चिंचेच्या कोळातले शिंपले

तेजश्री दौंडहून आली तेव्हा पाठीवरची पिशवी मीच उतरवून घेतली. तिच्यात तेवढंही त्राण नव्हतं. आठ दिवस भीमेच्या काठानं मातीचे थर मोजत हिंडली होती पोर. पायरीवरच बसली.

"काकू, शिंपले भरून ठेवलेत?"

"ठेवलेत. डब्यात, कापसात गुंडाळून, नंबरासकट."

"बरं केलंत. चारची गाडी धरते. उद्या प्रयोगशाळेत पोचले नाहीत तर यंत्राची तारीख गेली. परत सहा महिने."

तेजश्री पुण्याच्या कॉलेजातून दगडमातीच्या शास्त्रात पीएचडी करते. पाच वर्षं झाली. निमोण्यात आमच्या पडवीतली खोली तिनं घेतली ती घोडनदीसाठी. नदीच्या दरडीत गोट्यांचा एक थर होता आणि त्यात हजारो वर्षांपूर्वीचे शिंपले बसलेले. झाडाच्या खोडात असतात तशा शिंपल्यावर रेघा असतात, एकेक वर्षाची एकेक. त्या खरवडून तपासल्या की तेव्हा पाऊस कसा पडायचा ते कळतं म्हणे. तिनं एकतीस शिंपले काढले, आणि पुढच्याच महिन्यात धरणातून पाणी सुटलं. दरड खचली, थर वाहून गेला. त्या थरातले आता तेवढेच एकतीस उरले.

ते धुवायचं काम माझ्याकडे. "फक्त साधं पाणी आणि मऊ ब्रश," तिनं बजावलं होतं. "कुठलंही केमिकल नको." मी रोज सकाळी पोथीचा अध्याय झाला की नळाशी बसायचे. शेजारची रंगुबाई कुंपणावरून म्हणायची, "मेल्या शिंपल्यांची धुणी धुती व्हय गं? जित्यांची उरकली का?"

दोन आठवडे घासूनही वरचा चुन्यासारखा लेप निघेना. मनगटं भरून आली. गेल्या गुरुवारी देव उजळायला काढले, बाळकृष्ण, घंटी, निरांजन. सगळं झाल्यावर परातीत चिंचेचा कोळ उरला. चिंच काही केमिकल नव्हे, देवाला चालते ती. एकतीसच्या एकतीस शिंपले त्यात सोडले आणि अध्याय वाचायला बसले. उठून बघते तर कोळावर बारीक फेस. धुतल्यावर असे लखलखीत निघाले की माझं मलाच कौतुक वाटलं.

हे सगळं मी तिला जेवताना हौसेनं सांगणार होते. आमटी वाढली. तिनं भुरका मारला, डोळे मिटले.

"आमच्यातल्या एकानं मागं शिंपले व्हिनेगरनं धुतले," ती म्हणाली. "आंबट शिंपल्याला खातं, काकू. कडेच्या रेघा आधी जातात. आकडे येतात, पण चुकीचे. त्याला कळलंच नाही, त्यानं ते छापले."

"मग?"

"मग काय. दोन वर्षं आम्ही सगळे तेच खरं धरून चाललो."

माझ्या हातात भाताचं भांडं होतं. ते खाली ठेवलं.

खोटं बोलणार नाही असा नेम मी कधी घेतलेला नाही. पाळता येणार नाही हे ठाऊक होतं. पण इथं खोटंही बोलायचं नव्हतं. गप्प बसलं तरी भागत होतं, आणि गप्प बसायची मला जन्माची सवय. तिनं पाच वर्षं काढली होती. दोन महिन्यांत हातात पदवी पडली असती. कुणाला काय कळणार होतं?

एवढ्यात हे रांजणगावहून कंपनीतली पहिली पाळी करून आले.

"काय मॅडम, काय म्हणती नदी?"

"उद्या कळेल, काका."

"आमच्या सुपरवायझरपरीस बरी हाय. उशिरा का हुईना, बोलती तरी." त्यांनी गाडीची किल्ली परत उचलली. "आना तो डबा. तळेगावपतुर सोडतो, एष्टीचा काय नेम न्हाई."

शिंपल्यांचा डबा मी आत जाऊन आणला. मी तो दिला नाही.

"तेजश्री, उघडून बघ."

तिनं पहिला कापूस सोडला. मग दुसरा. पाचव्याला थांबली, कडेवरून नख फिरवलं.

"कशात?"

"चिंचेच्या कोळात. देव उजळले तसे."

"सगळे?"

"सगळे."

"किती वेळ?"

"एक अध्याय."

"अध्याय म्हणजे किती मिनिटं, काकू?"

"पंचवीस."

हे म्हणाले, "त्यात काय एवढं? दुसरं काढू की. मी येतो फावडं घिऊन."

"थर राहिला नाही काका."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. फोन लावला आणि तिच्या सरांना म्हणाली, "नमुने बाद झालेत सर. तारीख दुसऱ्या कुणाला देऊन टाका. नाही सर, त्या थराचं आता काहीच लिहिता येणार नाही. प्रबंधात ती जागा कोरीच ठेवते." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. ती भिंतीला टेकून नुसती हं, हं करत राहिली.

मग नोंदवही माझ्यापुढं ठेवली. "काय केलंत ते तुम्हीच लिहा. चिंच कधीची होती?"

"मागल्या वर्षीची. मीठ लावून ठेवलेली."

"मग मीठही लिहा."

लिहिलं. मिनिटंही लिहिली. खाली धुणाऱ्याचं नाव लागतं म्हणाली. मी सुरेखा एवढंच लिहून थांबले, मग आडनावही लिहिलं.