ह्यांच्या मापाचं हँडल

आमचे हे तरुणपणी इतके उंच होते की तारेवर बसलेले कावळे ह्यांना येताना बघून सरकून जागा द्यायचे. हसायला काय झालं? लग्नाच्या फोटोत ह्यांचं डोकंच आलं नव्हतं. फोटोवाला म्हणाला, आत्ता गळ्यापर्यंत घेतो, वरचं दुसऱ्या फोटोत घेऊ. कारखान्यात सगळे ह्यांना ‘खांब’ म्हणायचे. सगळा जन्म लेथवर काढला ह्यांनी, लोखंड घासून घासून केसाएवढा फरक बोटांनी ओळखायचे.

आणि आमची थोरली थेट ह्यांच्यावर गेली. तीच उंची, तेच लांबलचक हात, तेच पाय पलंगाच्या बाहेर. ह्यांचे शर्ट तिला, तिची चप्पल ह्यांना. शाळेत असताना तिला सायकल घ्यायची असली की दुकानात हेच सीटवर बसून बघायचे. “हिला कशाला बसवू? आमचं अंग एकच आहे,” म्हणायचे. आणि खरंच, सायकल बरोबर बसायची.

थोरली आता पन्नाशीला टेकली. मोटारसायकलवरून पार्सलं पोचवते. नवरा केव्हाच गेला, लेक परगावी. गोदामातून पार्सलं उचलायची, सगळं शहर पालथं घालायचं. तिला तेच आवडतं. वाऱ्यावर असलं की बरं वाटतं म्हणते. पण गेल्या वर्षापासून तिचे हात बधिर व्हायला लागले. त्या गाडीचं हँडल खाली नि लांब. दिवसभर पुढं वाकून सगळं वजन मनगटांवर. घरी आली की बोटं झटकत बसायची, मुंग्या जायच्याच नाहीत. एकदा तर क्लच दाबलाय की नाही हेच कळेना म्हणाली. गोदामातला साहेब तर टपूनच बसलेला. “बाई, जमत नसेल तर आत या, चिकटपट्ट्या लावा खोक्यांना.” त्या गोदामात एक खिडकी नाही. थोरली म्हणाली, “आई, तिथं बसले ना, की संपले मी.”

गॅरेजवाल्यानं तिला सांगितलं, हँडलखाली रायझर बसवा. म्हणजे काय, तर हँडल ज्या जागी आवळलेलं असतं तिथं खाली दोन जाड ठोकळे घालायचे. हँडल वर येतं, थोडं मागं येतं, पाठ सरळ होते, हातावरचा भार जातो. दुकानात तयार मिळतात. पण हे ऐकत होते ना खुर्चीत बसून.

“दुकानातले कशाला? मी करतो.”

“बाबा, तुम्ही कशाला त्रास—”

“त्रास? अगं, जहाजाचे भाग केलेत मी. दोन ठोकळे म्हणजे काय आहे!”

कितीतरी महिन्यांनी ह्यांचा आवाज असा चढला होता. थोरलीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. नको म्हणायला दोघींचीही जीभ रेटेना.

त्याचं असं होतं. हे आता खांब राहिले नव्हते. वयानं पाठ वाकली होती, हाडं एकात एक बसत गेली होती. दरवर्षी थोडे थोडे कमी व्हायचे. आणि ही गोष्ट ह्यांना कुणी सांगितलीच नव्हती. पँट लोळायला लागली की मी गुपचूप खालून दुमडून शिवायची. थोरलीनं आरसा खाली घेतला, चहाचा डबा खालच्या फळीवर आला. शर्टाच्या बाह्या हातावर यायला लागल्या तेव्हा थोरली म्हणाली, “बाबा, हल्ली कापड धुतलं की सैल पडतं.” खुर्चीत बसल्यावर पाय टेकेनात, तेव्हा मी म्हटलं, “अहो, घराची जमीन त्या बाजूनं खचलीय. शेजारच्यांचं तर कपाट चालत दारापर्यंत गेलं.” ह्यांनी मान डोलावली. विश्वास बसला की आमचं मन राखलं, ते देवालाच माहीत.

तर दुसऱ्या दिवशी थोरलीला सुट्टी होती. गाडी दारात मधल्या स्टँडवर लावली. हे बाहेर आले आणि टांग टाकून स्वतःच बसले सीटवर. टांग टाकताना मी मागून जरा आधार दिला, तो त्यांना कळला नाही असं मी धरून चालते.

“बाबा, मी बसू का? गाडी मी चालवणार ना,” थोरली हळूच म्हणाली.

“तू काय नि मी काय. माझीच मापं घेऊन जन्मलीस तू.” मग पायाकडं बघून म्हणाले, “गाड्या फार उंच करायला लागलेत हल्ली.”

“हो ना, काय विचारू नका,” मी म्हटलं.

ह्यांची माप घ्यायची रीत अशी, की डोळे मिटायचे, पाठ सैल सोडायची नि हात पुढं टाकायचे. हात आपोआप जिथं पडतील तिथं हँडल हवं. थोरलीनं झाडूचा दांडा आडवा धरायचा, ह्यांच्या मुठी त्यावर येईपर्यंत. मग मी टेप घेऊन जुन्या हँडलपासून दांड्यापर्यंतचं अंतर मोजायचं. ह्यांनी डोळे मिटले. वाकलेली पाठ, आखडलेले हात. मुठी पार छातीसमोर, जवळ येऊन थांबल्या. थोरलीनं दांडा हळूच पुढं नि खाली सरकवला.

“काठी का हलवतेस गं?” डोळे मिटलेलेच.

“हात अवघडला, बाबा.”

“तुझा हात अवघडू नये म्हणून तर हे चाललंय. नीट धर.”

तिनं नीट धरला. मी माप सांगितलं. जसं होतं तसंच सांगितलं, कारण ह्यांना टेप स्वतः बघायची सवय.

मग हे रोज दुपारी जुन्या कारखान्यात जायला लागले. मालक ह्यांच्याच हाताखाली शिकलेला, त्यानं कोपऱ्यातला लेथ मोकळा करून दिला. मी डबा घेऊन गेले एकदा. हे लाकडी फळीवर उभे होते. मालकानं मुकाट्यानं ठेवली असणार ती, नाहीतर हात पोचलाच नसता. अल्युमिनियमचे तुकडे चकाकत खाली पडत होते. मी मैत्रिणींना सांगितलं, आमच्या ह्यांनी असे ठोकळे केलेत की मांजर त्यात बघून मिशा साफ करतं. मांजराचं सोडा, पण ठोकळे होतेच तसे. दोन्ही अगदी जुळे, कडा गोल केलेल्या, बोट फिरवलं तर कुठं अडणार नाही.

बसवायचं कामही ह्यांनीच केलं. जुने बोल्ट काढले, हँडल उचललं, खाली ठोकळे ठेवले, लांब बोल्ट घातले. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी आवळायची नाही, सगळे थोडे थोडे, हे मला समजावून सांगत होते, जसं काही मी उद्या गॅरेज काढणार आहे. क्लचची तार ताणली जात होती, तर ती आतल्या बाजूनं फिरवून घेतली. मग गाडी चालू करून हँडल डावीकडं पूर्ण वळवलं, उजवीकडं पूर्ण वळवलं. आवाज चढला नाही, म्हणजे तारा कुठं खेचल्या जात नाहीत. कामात काही म्हणजे काही खोट नव्हती.

“जा, चक्कर मारून ये,” म्हणाले आणि हत्यारं गोळा करायला खाली बसले.

थोरली बसली. तिचे हात वर, कोपरं बाहेर, जशी कोंबडी उडायच्या बेतात. मला हसूही आलं नाही.

“कसं वाटतंय?” हे खालूनच.

“झकास, बाबा. एकदम आराम.”

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर ती कामाला गेली. दुपारी परत आली ती गाडी ढकलत. कोपर सोललेलं, एका बाजूचा आरसा फुटलेला. गोदामाच्या फाटकातून वळताना हँडल पूर्ण फिरवलं आणि त्याचं टोक तिच्या पोटात बसलं. पुढं वळेचना. गाडी आडवी झाली, ती खाली, कुणाचंतरी काचसामानाचं पार्सल तिच्याखाली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, उद्या एक तर गाडी नीट करून या, नाहीतर आत बसा.

हे धावतच बाहेर आले. “बोल्ट सुटला?” सगळे बोल्ट हातानं चाचपले. घट्ट. “तार अडकली?” तार मोकळी. ह्यांचा चेहरा मला बघवेना. चूक सापडत नव्हती, कारण चूक कामात नव्हतीच.

“बस बरं गाडीवर,” म्हणाले.

“नको बाबा, राहू दे आता—”

“बस.”

ती बसली. ह्यावेळी हे समोर उभे राहून बघत होते. तिचे उचललेले खांदे बघितले, मागं दुमडलेली मनगटं बघितली. हँडल वळवायला लावलं, टोक पोटाला लागलं. मग म्हणाले, “उतर. इथं ये.”

दाराच्या चौकटीला पाठ लावून तिला उभी केली आणि स्वतः तिच्या शेजारी उभे राहिले. अंग ताणून ताणून सरळ व्हायचा प्रयत्न केला. मग हात वर करून आपल्या डोक्यावरून आडवा तिच्याकडं नेला. तो तिच्या खांद्याला लागला.

“कधीपासून?” ह्यांनी विचारलं.

मला राहवेना. “अहो, पोरगी वाढली असेल,” मी म्हटलं.

“पन्नाशीला?”

एरवी ह्यावर घर हसलं असतं. कुणी हसलं नाही. हे आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

संध्याकाळी थोरली त्यांच्यापाशी जाऊन बसली. “बाबा, आता मला बसवून माप घ्या. हेच ठोकळे कापून कमी होतील.”

“दुकानातले आण.”

“तुमच्यासारखे नाही मिळणार.”

“तुझ्या मापाचे मिळतील. ते बघ.”

मी खूप समजावलं. मालक म्हणतोय लेथ मोकळा आहे, म्हटलं. पण हे काही उठले नाहीत. “जो माणूस स्वतःचं माप विसरला, त्यानं दुसऱ्याचं घेऊ नये,” एवढंच म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं. चिडल्यावर कसं वळवायचं ते मला येतं.

सकाळीच गॅरेजवाला दुकानातले रायझर घेऊन आला. बुटके, काळे. त्यानं थोरलीला गाडीवर बसवलं, पाठ सरळ ठेवायला सांगितलं, हँडल जरासं मागं कलतं केलं नि बसवून मोकळा झाला. माझा चहा गार व्हायच्या आत. काम संपल्यावर दाराशी येऊन आदरानं हाक मारली, “काका, बोल्ट एकदा बघून घेता का?”

आतून आवाज आला, “तुम्ही आवळलेत ना? मग झालं.”

थोरली कामावर गेली. दिवसभर घरात भांड्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. हे जेवले, पण काय जेवले ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. अंधार पडायच्या सुमारास गाडी दारात थांबली. थोरली आत आली, हात धुतले, आणि ह्यांच्या पलंगाच्या कडेवर टेकली.

“मुंग्या?” ह्यांनी विचारलं. कालपासून पहिल्यांदा स्वतःहून काही विचारलं.

“नाही आल्या. दिवसभर नाही.”

“साहेब काय म्हणाला?”

“काही नाही. पार्सलं दिली नि म्हणाला, निघा.”

“बरं झालं.” ह्यांनी खरोखर सुटकेचा श्वास सोडला.

थोरली जरा पुढं सरकली. म्हणाली, “बाबा, रविवारी येता का माझ्या मागं बसून? नदीपर्यंत जाऊ. वारा लागेल जरा.”

ह्यांनी मान उचलून आपल्या पायांकडं बघितलं.

“मागच्या फूटरेस्टला पाय पोचतील माझे?”

पूर्वीची थोरली असती तर म्हणाली असती, न पोचायला काय झालं. मी तर तोंड उघडलंच होतं. पण तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तिची बोटं गरम होती, चांगली घट्ट पकड होती. मी गप्प बसले.

“नाही पोचायचे, बाबा,” ती म्हणाली.

ह्यांनी मान हलवली. “मग राहू दे,” म्हणाले आणि कूस बदलली.