गाडी म्हणते चावी होती

ताईची गाडी भर दुपारी दारातून गेली. काच फुटली नाही, अलार्म वाजला नाही, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. ड्रायव्हिंग शिकवायची गाडी ती, टपावर लाल पाटी, मागच्या काचेवर भलंमोठं 'शिकाऊ'. असली गाडी कोण चोरतं? पण गेली. पुढच्या तासाचा विद्यार्थी फाटकापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, आज पायी शिकवणार का?" तेव्हा कुठे ताईला कळलं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं घर त्या गाडीवर चालायचं. आधी तिने दाराशेजारचा हूक बघितला. चावी जागच्या जागी. ही चावी फिरवायची नसते, खिशात असली की गाडी उघडते, बटण दाबलं की सुरू. मग नेली कशी?

गाडीवर लक्ष ठेवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्या नोंदीत गाडी चावीनेच उघडलीय, चावीनेच सुरू झालीय. म्हणून अलार्म वाजला नाही. दुसरी चावी कुणाकडे असते?"

दुसरी धाकट्याकडे. ताईचा भाऊ, गाडी धुवायचं काम त्याचं. आणि साहेब सकाळपासून गायब, फोन बंद. मागे एकदा न विचारता गाडी नेऊन मित्रांना फिरवून आणलं होतं, बंपर चेपून.

"तो नाही असं करायचा," आई म्हणाली.

"तू गप्प बस गं! तूच लाडावून ठेवलंयस."

मग ताईने पोलीस चौकीला फोन लावला. हवालदाराने विचारलं, "कुणावर संशय?" ताईने भावाचं नाव सांगून टाकलं.

थोड्या वेळाने धाकटा आला. घामाघूम, फोनची बॅटरी उतरलेली, हातात गाडीचे नवे वायपर. "जुने नुसते काच पुसल्याचं नाटक करत होते," म्हणाला. मग फाटकाबाहेरची मोकळी जागा दिसली. "गाडी कुठाय?"

"चावी दाखव."

त्याने खिशातून काढून दाखवली. ताईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तिच्या तोंडून निघालं, "मध्ये कुणाला दिली होतीस?"

धाकट्याचे कान लाल झाले. त्याने आईकडे बघितलं, आईने नजर खाली घातली. "चौकीत नाव पण दिलंस ना? दिलंसच असणार!"

"गाडी चावीनेच उघडली म्हणतात रे."

"गाडी म्हणते! गाडीला विचारलंस. मला विचारलंस?"

ताई काही बोलणार तोच फोन वाजला. कंपनीची बाई. "मॅडम, आम्ही लांबून इंजिन रोखायच्या तयारीत होतो, पण गाडी आपणहून थांबलीय. तुमच्या घरापासून जवळच, मैदानासमोरच्या चौकात."

तिघं धावतच निघाले. चौकात ही बोंबाबोंब. ताईची गाडी मधोमध, दार सताड उघडं, मागे हॉर्नची आरती. फळवाला हसून हसून लोळायचा बाकी होता. "सिग्नलला बंद पडली हो. बिचारा बटण दाबून दाबून थकला, मग उतरून पळाला. मला वाटलं, तुमचाच विद्यार्थी!"

त्या गाडीचा क्लच होताच तसा खट्याळ, जरा चुकला की इंजिन बंद. भले भले त्यात नापास व्हायचे.

समोरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं चमकत होती. चावी सापडत नाही.

ताईने परत फोन लावला. बाई आता जरा हळू बोलत होती. "दोघं असतात मॅडम. एक यंत्र घेऊन दारापाशी उभा राहतो, आतल्या चावीचा सिग्नल उचलतो. दुसरा गाडीपाशी, तिथपर्यंत तो सिग्नल पोचवतात. गाडीला वाटतं, मालक शेजारीच आहे. पण इंजिन बंद पडलं की ती परत चावी शोधते, आणि चावी तर तुमच्या घरात."

"अगं बाई!" आई म्हणाली. "मघाशी एकजण दाराला बॅग टेकवून उभा होता. मला वाटलं, मीटर वाचतोय. मी पाणी पण विचारलं मेल्याला!"

फळवाला परत हसला. धाकटा नाही हसला. तो फुटपाथवर पाठ करून उभा होता.

ताईने तिथेच, सगळ्यांसमोर हवालदाराला फोन केला. मोठ्याने, हॉर्नच्या वर आवाज चढवून बोलली. "मघाशी नाव दिलं ना, ते खोडा. माझा भाऊ आहे तो. त्याने काही केलं नाही. मी त्याला न विचारताच नाव दिलं. हो, खोटं ठरलं. लिहा तसं."

मग आईने निघताना हुकावरून उचललेली चावी घेतली, गाडीत बसली, बटण दाबलं. सुरू. आई मागे बसली. धाकटा घराच्या दिशेने चालायला लागला.

ताई पायी चालल्यासारखी त्याच्या बाजूने गाडी नेत राहिली. मागून शिव्या पडत होत्या. "बस ना रे."

"चोराला लिफ्ट देतात का?"

"मी चुकले."

"माहितीये. सगळ्या चौकाला माहितीये."

"मग बस."

तो थांबला. पुढचं दार उघडलं नाही. मागचं उघडून आईच्या शेजारी बसला आणि दार असं आपटलं की काचा थरथरल्या. दार आपटणाऱ्या विद्यार्थ्याला ताई खाली उतरवायची.

आज तिने नुसता गिअर टाकला.