पत्र्याआडचा खुराडा

मित्रांनो, घरामागच्या भिंतीला टेकून उभा असलेला हा जुना लाकडी खुराडा म्हणजे मी. माझ्यात आज एकही कोंबडी नाही. का नाही, तेच सांगतो.

मला एका म्हाताऱ्या सुताराने बनवले. सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याची मुलगी घरी शिवणकाम करायची. तिला कोंबड्यांची भारी हौस, म्हणून त्याने पंधरा दिवस खपून मला उभे केले. पाय गुडघाभर उंच, म्हणजे ओल चढणार नाही. बसायला घासून गुळगुळीत केलेल्या दांड्या, अंड्यांसाठी पेंढा घातलेले तीन कप्पे, आणि छपराखाली समोरासमोर जाळीच्या दोन खिडक्या.

"बाराच्या वर एकही ठेवू नकोस," त्याने लेकीला बजावले. "दाटीवाटी झाली की त्या एकमेकींना टोचून खातात."

तिने बाराच आणल्या. एक जन्मतःच लंगडी होती. मुलगी रोज सकाळी दार उघडायची, भुसा हलवायची, पाणी बदलायची. येणारी-जाणारी माणसे म्हणायची, "आमच्या घरापेक्षा यांचं घर बरं!" मला तेव्हा फार बरे वाटायचे.

तीन वर्षांनी माझ्या एका खिडकीची जाळी गंजून कोपऱ्यात सुटली. मुलीचा नवरा वेल्डर होता. हातात कसब होते, पण वेळ नव्हता.

"अहो, तेवढी जाळी बघा ना," ती म्हणायची.

"उद्या बघतो," तो म्हणायचा.

असे बरेच उद्या गेले. मग एका पहाटे रानमांजर त्या फटीतून आत शिरले आणि दोन कोंबड्या घेऊन गेले. माझ्या फळ्यांवर रक्त सुकले. नवऱ्याला ते फार लागले. त्याच दिवशी त्याने कारखान्यातून पत्रा आणला आणि माझ्या दोन्ही खिडक्या स्क्रू पिळून बंद करून टाकल्या.

अण्णाची नजर तोवर अधू झाली होती. तो काठी टेकत आला आणि हाताने पत्रा चाचपला.

"जावईबापू, यांनी श्वास कुठून घ्यायचा?"

"अण्णा, आता मुंगीसुद्धा आत यायची नाही. निर्धास्त राहा."

थंडीभर खरेच काही झाले नाही. पण आत विष्ठेचा उग्र वास कोंडू लागला. कोंबड्यांचे डोळे पाणावू लागले, अंडी घटली. मुलगी म्हणाली, "दार उघडलं की माझेच डोळे झोंबतात हो." तो म्हणाला, "रविवारी भोकं पाडून देतो." रविवार आला नि गेला. थंडी सरली, उन्हे तापू लागली.

एके दिवशी सकाळी अण्णा न्हाणीघरात घसरून पडला. घरात एकच धावपळ उडाली. त्याला उचलून, रिक्षात घालून दोघे दवाखान्यात गेले. माझे दार उघडायचे राहून गेले.

दुपारी पत्रा तव्यासारखा तापला. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख पसरून धापा टाकू लागल्या. धडपडीत पाण्याचे भांडे उलटले. मग त्या दारावर धडका देऊ लागल्या. मित्रांनो, माझी कडी मजबूत होती. ती निघाली नाही. त्या दिवशी मला माझ्या मजबुतीची लाज वाटली. तिसऱ्या प्रहरी धडका थांबल्या.

दोघे परतले तेव्हा ऊन कलले होते. तिने दार उघडले. नऊ कोंबड्या एकमेकींवर पडल्या होत्या. लंगडी तेवढी जिवंत होती. खालच्या फळ्यांमधल्या फटीला तिने चोच लावून ठेवली होती.

नवरा हातानेच पत्रा उपटू लागला. बोटे कापली तरी थांबेना.

"मी त्यांना जपायला गेलो गं," तो म्हणाला.

तिने लंगडीला उचलून कुशीत घेतले. मग एवढेच म्हणाली, "मांजरानं दोनच नेल्या होत्या."

आठवड्याने अण्णा घरी आला. खाटेवर टेकताच त्याने विचारले, "कोंबड्या कशा आहेत?" मुलीने मान फिरवली. नवऱ्याने म्हाताऱ्याचे पाय धरले. "मी मारल्या, अण्णा." म्हाताऱ्याने पाय मागे घेतले नाहीत, पण जावयाच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

आता माझ्या खिडक्यांना नवी जाळी आहे. नवऱ्याने स्वतः बसवली, दोन पदरी. पण मुलीने पुन्हा पिल्ले आणली नाहीत. लंगडी घरातच, शिलाई मशीनखाली झोपते. तिला माझ्याजवळ आणले की ती पिसे फुलवून ओरडते. मी तिला दोष देत नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी कोंबड्या पाळल्यात तर त्यांच्या घराला भक्कम कडी जरूर लावा. पण आधी एका भर दुपारी त्या घरात स्वतःचे डोके घाला आणि सावकाश शंभरपर्यंत आकडे मोजा. तुम्हाला मधेच डोके बाहेर काढावेसे वाटले, तर लक्षात ठेवा, त्यांना ते काढता येत नाही.