काजळीचा आळ

मी बोलतोय ते सीटखालून, तेव्हा जरा वाकून ऐका. मी एक स्पार्क प्लग आहे. असेन अंगठ्याएवढा, पण अठरा वर्षांची एक पांढरी व्हॅन माझ्या जिवावर चालते. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. माझं डोकं इंजिनाच्या बाहेर आणि तोंड आत, आगीत. पेट्रोल आणि हवा आत आली की मी ठिणगी टाकतो. मिनिटाला हजार वेळा टाकतो आणि कुरकुर करत नाही. ही फुशारकी आहे, पण खरी आहे.

कारखान्यातून निघालो तो नागपुरात, सीताबर्डीच्या एका दुकानात येऊन पडलो. काचेमागे सहा महिने काढले. मग कुहीचे चंद्रभानभाऊ आले आणि आम्हां तिघा भावांना खिशात घालून घेऊन गेले. इंजिनाला तीन सिलिंडर, म्हणून प्लगही तीन. मी मधला.

चंद्रभानभाऊ आठवड्यातून तीनदा कुहीहून नागपूरला डायलिसिसचे पेशंट नेतात. त्यांत यमुताई सगळ्यांत जुन्या. त्या पुढच्या सीटवर, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर बसतात. जाताना त्या धानाच्या, सुनेच्या, शेजारणीच्या गोष्टी सांगतात. येताना गप्प असतात, कारण मशीनवरून उठल्यावर त्यांना चक्कर येते. एसटीच्या गर्दीत त्यांना उभं राहणं शक्य नाही. या गाडीवाचून त्यांचं चालत नाही, हे गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही.

गेल्या दसऱ्याला अंगणात गाडीची पूजा झाली. चंद्रभानभाऊंनी इंजिनालाही हळदकुंकू लागावं म्हणून सीट उचलून ठेवली. यमुताई हळूहळू चालत आल्या. त्यांनी चंद्रभानभाऊंना सोनं दिलं, मग गाडीपुढे उभ्या राहिल्या. गाडीला हात नाहीत, सोनं द्यायचं कुठे? त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कुंकू लावलेली आपट्याची दोन पानं इंजिनाला हवा पुरवणाऱ्या पाइपाच्या तोंडात अलगद सरकवली आणि हात जोडले. भाऊ तेव्हा नारळ फोडत होते. पाहिलं फक्त मी, आणि मला बोलता येत नाही.

तिथून आमची साडेसाती सुरू झाली. गाडी उभी असली की इंजिन शहाण्यासारखं चाले. चढ आला, वेग वाढवला, की आतल्या ओढीने ती पानं पाइपात आडवी होत आणि हवा अडत असे. मग गचके, काळा धूर. माझ्या तोंडावर काजळीचा थर चढला. मला जे सांगता येत होतं ते मी त्या काजळीतूनच सांगत होतो, पण वाचणार कोण?

एका मिस्त्रीने कार्बोरेटर धुतला. दुसऱ्याने वायरी बदलल्या, हवेचा फिल्टर नवा घातला, पण पाइपात मात्र डोकावून पाहिलं नाही. तिसऱ्याने आम्हां तिघांना उपटून काढलं. 'प्लगच खराब आहेत,' असं म्हणून त्याने नवे बसवले आणि आम्हांला डॅशबोर्डच्या उघड्या खणात टाकलं. मला फार लागलं ते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आठवडाभरात नव्या प्लगांचीही तोंडं काळी झाली. मला थोडं बरं वाटलं, हे कबूल करतो.

मग एका बुधवारी, परत येताना, सक्करदऱ्याच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागे हॉर्नवर हॉर्न. यमुताई डोळे मिटून सीटला टेकून होत्या, ओठ कोरडे पडलेले. चंद्रभानभाऊंनी किल्ली पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली.

"माय, आता माझी हिंमत नाही होत," ते म्हणाले. "रस्त्यात तुले काही झालं तं? शुक्रवारपासून दुसरी गाडी पाहा."

"दुसरं कोण नेते गा मले?" एवढंच त्या म्हणाल्या.

कशीबशी गाडी दिघोरीला पोचली. तिथे कडुनिंबाखाली प्रेमानंद मिस्त्रींचं गॅरेज आहे. भाऊंनी पेशंटांना बाकावर बसवलं. नागपुरात हुशार मिस्त्री पुष्कळ आहेत, पण आधी विचारून मग पाना उचलणारा मी हा एकच पाहिला. गचके कधी बसतात, उभ्या गाडीत की चढावर, धूर कोणत्या रंगाचा, कधीपासून, असं सगळं त्यांनी शांतपणे विचारून घेतलं. स्वतः गाडी चालवून चढावर नेऊन आणली. मग म्हणाले, जुने प्लग फेकले का?

आम्ही खणातून बाहेर आलो. त्यांनी तिघांना ओळीने तळहातावर ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या तोंडाकडे असं पाहिलं, जसं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"तिघायचंही तोंड सारखंच काळं आहे," ते म्हणाले. "एखादा प्लग बिघडला असता तं एकच काळा झाला असता. हे इमानदार आहेत. यायले हवा भेटून नाही राहिली."

मला रडता येत असतं तर तिथेच रडलो असतो. इतक्या दिवसांनी माझं म्हणणं कुणाला तरी कळलं होतं.

त्यांनी पाइप सोडवला आणि झटकला. हातावर दोन वाळकी पानं पडली. एकावर अजून कुंकू होतं. चंद्रभानभाऊंनी ते पाहिलं आणि त्यांची नजर बाकाकडे गेली. प्रेमानंदांच्या घरी आपट्याचं सोनं वाटत नाहीत, दसऱ्याला ते दीक्षाभूमीला जातात. पण भाऊंचा चेहरा पाहून त्यांना सगळं उमगलं. त्यांनी मूठ मिटली.

"काय निघालं गा, भाऊ?" यमुताईंनी बाकावरूनच विचारलं.

प्रेमानंदांनी दुसऱ्या हाताने मला उचलून दाखवलं.

"काही नाही, माय. हा प्लग होता. काजळी धरली होती यानं."

क्षणभर मला वाटलं, आत्ताच तर मला इमानदार म्हणाला होतास! यमुताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात सुयांनी निळा झाला होता.

"एवढासा हाय, अन् केवढा तरास देल्ला," त्या म्हणाल्या. "साफ कर त्याले. फेकू नको. थो बी थकला असन."

त्या शब्दांनी माझा सगळा राग विरघळला. प्रेमानंदांनी नवे प्लग काढले आणि आम्हां तिघांना घासूनपुसून पुन्हा आपापल्या जागी बसवलं. शुक्रवारी गाडीने सक्करदऱ्याचा पूल एका दमात चढला.

आता मी म्हातारा झालोय. माझं टोक झिजलंय, लवकरच नवा येईल, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. या दसऱ्याला चंद्रभानभाऊंनी सीट उचललीच नाही. यमुताईंचं सोनं त्यांनी दोन्ही हातांत घेतलं आणि गाडीच्या वाटचं डॅशबोर्डवर ठेवलं. यमुताई अजूनही बसताना सीटवर थाप मारतात आणि मला बजावतात, आता तरास देऊ नको.

तुम्हांला एकच विनंती आहे. कुहीच्या रस्त्यावर कधी यमुताई भेटल्या आणि त्या गाडीचा विषय निघाला, तर पानांचं नाव काढू नका. दोष प्लगाचाच होता म्हणून सांगा.