हा गोटा कुठला?

दर शनिवारी संग्रहालयाच्या तळमजल्यावर मी टेबल मांडून बसतो. डोंगरात, किनाऱ्यावर फिरताना सापडलेले दगड घेऊन लोक येतात आणि मी सांगतो, हा शिंपला, हा शंख, हा नुसताच दगड. नुसता दगड म्हटलं की त्यांचं तोंड उतरतं. खोटं कशाला बोलू, मला त्याची मजा वाटायची. वीस वर्षांत मला कुणी चूक ठरवलेलं नाही, हेही मी चारचौघांत मिरवायचो.

माझा थोरला भाऊ, दादा, जन्मभर शिंपीकाम करत आला. दुकान बंद केल्यावर मला हरवायचं एवढ्याच ध्यासाने तो जीवाश्मांच्या मागे लागला. सकाळी पिशवी खांद्याला लावून निघायचा. कुठे चाललाय ते वहिनीलाही सांगायचा नाही. ती मला सांगेल ना! दुपारी फोनवर फोटो यायचा. "ओळख. काय आहे आणि कुठला?" मी पाच मिनिटांत उत्तर द्यायचो आणि तो मला शिव्या घालायचा.

त्या मंगळवारी फोटो आला तेव्हा मी जेवत होतो. मुठीएवढा चुनखडीचा गोटा, आणि त्यात अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या शंखात राहणारा, कधीच नाहीसा झालेला समुद्रातला प्राणी. "अमोनाइट. समुद्रकाठचा. काहीतरी अवघड पाठव की," असं लिहून मी पुढचा घास घेतला.

दादा घरी आला नाही.

बसच्या कंडक्टरला तो आठवत होता, फाट्यावर उतरला म्हणाला. फाट्यावरून एक वाट खाली समुद्राकडे जाते, दुसरी वर डोंगरात. शोधायला माणसं होती आठ. चौकीत पोलीस अधिकाऱ्याने मला एकट्यालाच आत घेतलं आणि तो फोटो माझ्यासमोर धरला.

"तुम्ही यातले जाणकार. खाली की वर?"

"खाली. किती गुळगुळीत आहे बघा. लाटांनी घासलाय."

"नक्की ना?"

"अहो, माझं कामच आहे ते!"

दोन दिवस आठही माणसं किनाऱ्याच्या कपारी धुंडाळत होती. वहिनी आणि मी वाळूत बसून होतो. भरतीचं पाणी चढायला लागलं की ती माझा हात घट्ट धरायची. तिसऱ्या दिवशी वर डोंगरात, ओढ्याच्या काठी, एका मेंढपाळाला दादा सापडला. पाय मोडला होता. डॉक्टर म्हणाले, जीव जाऊन फार तर सहा तास झाले असतील.

दगड ओढाही घासतो. समुद्रातल्या चुनखडीला बारीक भोकं पडतात, तिच्यावर किड्यांच्या पांढऱ्या नळ्या चिकटतात. आधी दगड बघा, मग त्यातला प्राणी, असं मी दर शनिवारी घसा फोडून सांगतो. फोटो पुन्हा उघडून पाहिला. एक भोक नाही, एक नळी नाही. डोळे फुटले होते का माझे? नाही. मला बघायची गरजच वाटली नव्हती.

दहा दिवसांनी पोलिसांनी दादाचा फोन परत दिला. वहिनीला तो सुरू करता येईना म्हणून तिने मला बोलावलं. स्वयंपाकघरात चार्जरला लावून मी बटण दाबलं. मिनिटभरात माझ्याच खिशातला फोन वाजला, लागोपाठ दोनदा. पुढे ओढ्याकडे उतरल्यावर रेंज गेली म्हणून त्या दिवशी अडकलेले दादाचे मेसेज.

"चुकलास! डोंगरातला आहे. संध्याकाळी येतो, तुझं तोंड बघायचंय मला."

आणि तासाभराने लिहिलेला दुसरा. "पडलो रे. पाय हलत नाही. समुद्राकडे जाऊ नकोस, वर ये."

वहिनीने तो दोनदा वाचला. "समुद्राकडे जाऊ नकोस असं का लिहिलंय हो त्यांनी?"

मी सांगितलं. फोटो, माझं उत्तर, चौकीत काय बोललो ते, सगळं. ती रडेल, ओरडेल, मला काहीतरी फेकून मारेल असं वाटलं. खरं तर तसं झालं तर बरं, असंच वाटत होतं.

तिने माझा फोन माझ्या हातात ठेवला.

"जाताना दार ओढून घ्या, भाऊजी," ती म्हणाली.