फिरत्या डब्याची गाज

पौष सरत आला होता. पांझरेचं पात्र हडकलं होतं. मधून वाहत होती एक कृश, निळसर, शांत धार; आणि दोन्ही काठांवर उघडी पडली होती गोट्यांची रानं. काजळकाळे गोटे, तांबूस गोटे, मधाळ पिवळे गोटे. कोवळं, तिरपं, केशरी ऊन त्यांच्यावर असं सांडलं होतं की त्यांच्या अंगावरची धूळसुद्धा सोन्याची वाटावी. रविवारची सकाळ होती.

त्या उन्हात तीन माणसं वाकून चालत होती. पुढे दिगंबरराव, सूतगिरणीतून नुकतेच निवृत्त झालेले, उंच, अबोल. त्यांच्या शेजारी त्यांची लेक केतकी, शाळेत विज्ञान शिकवणारी. नदीतले दगड घरी आणायचे आणि घासून घासून चमकवायचे, हे खूळ तिचं; पण ते डोक्यावर घेतलं होतं वडिलांनी. आणि दोघांच्या मागे, चपला हातात घेऊन, केतकीची आई, कुमुदिनी.

कुमुदिनी बोलत होती. ती नेहमीच बोलत असे. पाण्यावर, पाखरांवर, भाजीच्या भावावर, शेजारणीच्या सुनेवर. अखंड, अनिर्बंध, आनंदानं. आणि लग्न झाल्यापासून तिचं बोलणं मनापासून ऐकणारा माणूस जगात एकच होता. संध्याकाळी ओट्यावर चहा घेऊन बसायचं, तिनं दिवस उलगडायचा आणि दिगंबररावांनी नेमक्या जागी ‘हं’ म्हणायचं. त्या एका ‘हं’साठी ती दिवसभराचं जग पदरात गोळा करून ठेवी. तेवढं तिला पुरत असे.

“अहो, तो बगळा बघा, कसा एका पायावर उभाय,” ती म्हणाली. दिगंबरराव वळले नाहीत. तिनं पुन्हा हाक मारली. ते खाली बघत चालत राहिले. मग केतकी त्यांच्या पुढ्यात गेली, दंड धरून त्यांना थांबवलं, तोंडासमोर तोंड धरून काहीतरी बोलली. आणि ते हसले. लेकीशी हसले. कुमुदिनीच्या मनात कुठंतरी खुट्ट झालं.

घरी आल्यावर मागच्या पडवीत यंत्र उभं राहिलं. जुन्या कूलरची मोटर, दोन फिरते दांडे, त्यांच्यावर आडवा ठेवलेला रबराच्या अस्तराचा जाड डबा. कठीण दगड कठीण दगडांबरोबर, ठिसूळ ते वेगळे. वर मूठभर घासायची भरड पूड, वर पाणी, वर घट्ट झाकण. नदीनं हजारो वर्षं जे सावकाश केलं, ते हा डबा महिन्याभरात करणार होता. बटण दाबलं आणि घर गुरगुरू लागलं.

पण पहिला घाणा फसला. दिगंबररावांनी डबा गळ्यापर्यंत भरला होता. दगडांना आत गडगडायला जागाच नव्हती. स्वयंपाकघरातून कुमुदिनीला ते पहिल्याच दिवशी उमगलं. “आत काही हलत नाहीये, नुसता डबा फिरतोय,” ती ओरडली. उत्तर आलं नाही. आठवड्यानं झाकण उघडलं तर गोटे जसेच्या तसे, रुसलेले, मळकट. गिरणीत नुसत्या आवाजावरून सूत कातणारं कोणतं चातं बिघडलंय ते सांगणारा हा माणूस. त्याला एवढं कळू नये? मन इथं नाही यांचं, तिनं ठरवून टाकलं. मग मन कुठंय, हा प्रश्न तिच्या उशाशी येऊन बसला.

दुसरा घाणा जमला. आता डब्यातून गाज उठू लागली; ओली, भरडी, अविरत गाज. ती पडवीतून माजघरात आली, माजघरातून ओट्यावर आली, चहाच्या कपात आली, बोलण्यात आली. कुमुदिनी वाक्य सुरू करी आणि दिगंबरराव कानाशी हात नेत म्हणत, “काय? यंत्राच्या आवाजात कळलं नाही.” ती पुन्हा सांगे. पुन्हा “काय?” तिसऱ्यांदा सांगण्यासारखं तिच्या बोलण्यात काही उरतच नसे.

“घटकाभर बंद करा की ते.”

“बंद केलं तर गाळ तळाशी बसतो. दगड चिकटतात.”

खरंच चिकटत असतील. पण कुमुदिनीच्या डोळ्यांनी आता निराळंच टिपायला सुरुवात केली होती. दगड धुवायला डबा उघडला की दिगंबरराव अस्वस्थ होत, घाईघाईनं पुन्हा भरत, चहा येण्याआधी बटण दाबलेलं असे. पडवीत बापलेक समोरासमोर बसून हळूहळू बोलत आणि ती दारात आली की दोघांचे ओठ मिटत. केतकी नजर चुकवी. आपल्याच घरात आपण पाहुण्या झालो, असं कुमुदिनीला वाटू लागलं.

एका संध्याकाळी तिनं परीक्षा घेतली. ओट्यावर बसली आणि मुद्दाम गप्प राहिली. समोर कडुलिंबाची पानं पिवळी होऊन गळत होती, रस्त्यानं गुरं परतत होती, आभाळ अबोली होत होतं. ती एक अक्षर बोलली नाही. आणि त्या रिकाम्या, शब्दहीन संध्याकाळी, रस्त्याकडे बघत, दिगंबरराव सावकाश म्हणाले, “हं.”

तिच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे इतकी वर्षं हे असंच चाललं होतं तर; आपण बोलायचं आणि ह्यांनी सवयीनं मान हलवायची. आता तेवढंही नको झालं, म्हणून घरात ही घरघर आणून बसवली. माझा आवाज नको, म्हणून दगडांचा आवाज. ती आत गेली आणि कणीक तिंबता तिंबता रडली.

त्यानंतरच्या रविवारी, दुपार कलताना, ती पडवीच्या दाराआड उभी राहिली. दगड धुऊन झाले होते, बारीक पूड घालून डबा पुन्हा फिरत होता. ओले गोटे ताटात असे झळकत होते की जणू चमकूनच बाहेर आलेत. वाळले की पुन्हा फिके पडत. डब्याकडे पाठ करून दिगंबरराव ते निवडत होते. समोर केतकी. पुन्हा तोंडासमोर तोंड, पुन्हा ते गुपित. काय बोलतात ते आज ऐकायचंच, म्हणून कुमुदिनीनं भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला आणि ते बंद केलं.

डबा थांबला. गाज विरली. कितीतरी दिवसांनी घराला शांतता ऐकू आली. चिमण्या, दूरची सायकलची घंटी, नळाखालचा थेंब. केतकीचे हात ताटात थबकले. तिनं दाराकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

दिगंबरराव मात्र गोटे निवडतच होते. आणि त्या निवांत पडवीत ते केवढ्यातरी मोठ्यानं, गडगडाटावर मात करायच्या आवाजात म्हणाले, “आज फारच आवाज करतंय गं हे. लक्ष ठेव हं, तुझ्या आईनं हाक मारली तर मला सांग.”

कुमुदिनी दाराला टेकली. बगळा, फसलेला घाणा, रिकाम्या संध्याकाळचा तो ‘हं’, सगळं एकदम फिरून समोर उभं राहिलं आणि सगळ्याचा अर्थ बदलला. ती त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली. लेक बसत असे तिथंच. तिनं भिंतीवरच्या बटणाकडे बोट केलं आणि एकेक अक्षर ओठांनी घडवलं. “बंद आहे.”

त्यांनी वळून निश्चल डब्याकडे पाहिलं.

“बाबांनी मला शपथ घातली होती, आई,” केतकी पुटपुटली.

“गिरणीतल्या बऱ्याच जणांचं होतं असं,” दिगंबरराव म्हणाले; अजूनही उगाच मोठ्यानं, आणि मान खाली घालून. “आधी पाखरं ऐकू येईनाशी झाली. मग तुझा आवाज बारीक व्हायला लागला. हिनं दगडांचं काढलं तेव्हा म्हटलं, बरं झालं. घरात सगळ्यांनाच ओरडून बोलावं लागेल, सगळेच ‘काय’ म्हणतील. तुला कळलं असतं तर तू बोलायचं सोडलं असतंस. आपल्या घरात तू बोलायचं न् मी ऐकायचं, एवढंच तर ठरलं होतं. माझ्याच्यानं तेवढंही होईना, हे तोंडानं कसं सांगू?”

कुमुदिनीला राग आला. त्यांचा आला, लेकीचा आला, सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. किती वाईट वाईट चिंतलं आपण ह्या माणसाबद्दल. तिनं डोळे पुसले नाहीत; पुसायला हात रिकामा नव्हता. त्यांचा गाळानं माखलेला, थंड, खरखरीत हात तिनं दोन्ही हातांत धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला.

आणि ती बोलू लागली. सकाळी दूध उतू गेलं तिथपासून. कोथिंबिरीची जुडी कशी महागली, शेजारची सून माहेरहून परतली, मांजरीनं कोळशाच्या पोत्याआड पिल्लं घातली. ती बोलत होती, सावकाश, काहीही न वगळता. आणि बोटांखालची तिच्या आवाजाची थरथर टिपत दिगंबररावांनी डोळे मिटले होते. ती हसली की त्यांच्या ओठांच्या कडा हलत. तिचा आवंढा अडला की त्यांची बोटं अडत.

मावळतीचं ऊन पडवीतून पायरीवर सरकलं, पायरीवरून अंगणात उतरलं, अंगणातून कुंपणावर चढलं, कुंपणावरून निघून गेलं. आणि त्यांचा हात तिच्या गळ्यावरच होता.